नववीच्या पाठ्यपुस्तकातील जीवशास्त्र : क्रम, परिभाषा आणि परिसर
(टेंभी नाका, ठाणे या परिसराच्या संदर्भात एक समीक्षा)

सारांश

महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक निर्मिती व अभ्यासक्रम संशोधन मंडळाने, म्हणजेच बालभारतीने, २०१७ मध्ये प्रकाशित केलेल्या इयत्ता नववीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' या पाठ्यपुस्तकातील जीवशास्त्रविषयक प्रकरणांची समीक्षा प्रस्तुत लेखात केली आहे. प्रकरणांचा क्रम, आनुवंशिकता व उत्क्रांती यांची फारकत, मराठी परिभाषा आणि परिसराशी असलेले नाते या चार अंगांनी हा विचार मांडला आहे. पुस्तकातील आशय उणा नाही. मात्र त्या आशयाला बांधून ठेवणारे सूत्र विद्यार्थ्याच्या हाती उशिरा येते आणि त्याच्या परिसरापासून दूर राहते, असा या लेखाचा निष्कर्ष आहे.

बीजसंज्ञा : जीवशास्त्र अध्यापन, माध्यमिक शिक्षण, पाठ्यपुस्तक समीक्षा, परिभाषा, ठाणे खाडी

१. प्रस्तावना

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ नुसार पहिली ते आठवी हा प्राथमिक शिक्षणाचा टप्पा ठरतो. व्यवहारात 'हायस्कूल' हा शब्द पाचवीपासून किंवा आठवीपासूनच्या वर्गांसाठी वापरला जात असला, तरी माध्यमिक स्तराचे पहिले वर्ष म्हणून इयत्ता नववीचाच विचार करावा लागतो. वयाच्या चौदाव्या-पंधराव्या वर्षी विद्यार्थी या वर्गात येतो. याच सुमारास त्याच्या स्वतःच्या शरीरात बदल घडत असतात आणि 'असे का होते?' हा प्रश्न त्याच्या मनात आपोआप उभा राहतो. जीवशास्त्राच्या शिक्षकास याहून अनुकूल काळ मिळणे कठीण होय.

या इयत्तेचे महत्त्व आणखी एका कारणाने वाढते. महाराष्ट्रात विज्ञान हा विषय दहावीपर्यंत सर्वांना अनिवार्य असतो. अकरावीत कला वा वाणिज्य शाखेकडे वळणारा विद्यार्थी जीवशास्त्राचे पुस्तक बहुधा पुन्हा उघडत नाही. विज्ञान शाखेतही गणिताची वाट धरणारे अनेक विद्यार्थी जीवशास्त्र सोडून देतात. पुढील आयुष्यात लस घ्यावी की नाही, प्रतिजैविकांचा क्रम पूर्ण करावा की मध्येच सोडावा, विवाहापूर्वी रक्ततपासणी करावी का, खाडीत भराव टाकण्यास हरकत का घ्यावी, असे निर्णय या सर्वांनाच घ्यावे लागतात. त्या निर्णयांमागे उभे राहणारे जीवशास्त्र हे नववी-दहावीचेच असते. म्हणून नववीचे जीवशास्त्र हे भावी डॉक्टरांच्या प्रवेशपरीक्षेची पहिली पायरी आहे, की भावी नागरिकांच्या शास्त्रीय शिक्षणाचा शेवटचा टप्पा आहे, हा प्रश्न मूलभूत ठरतो.

हा प्रश्न केवळ तत्त्वाच्या पातळीवर न ठेवता एका विशिष्ट परिसराच्या संदर्भात तपासणे उपयुक्त ठरते. त्यासाठी ठाण्यातील टेंभी नाक्याची निवड केली आहे. जुन्या ठाण्याच्या मध्यभागी असलेला हा नाका नवरात्रोत्सवासाठी सर्वदूर परिचित आहे. दाट वस्ती, बाजारपेठ, मराठी व इंग्रजी माध्यमाच्या शाळा आणि चोहोबाजूंनी वाहणारी रहदारी असा हा परिसर आहे. 'निसर्ग पाहायला गावी जावे लागते' असा समज येथील विद्यार्थ्याचा झाल्यास नवल नाही. हा समज कितपत खरा आहे, याचाही विचार पुढे केला आहे.

२. पुस्तकाची रचना आणि जमेच्या बाजू

सदर पाठ्यपुस्तकात एकूण १८ प्रकरणे आहेत. त्यांपैकी सहा प्रकरणे प्रत्यक्ष जीवशास्त्राची म्हणता येतील : वनस्पतींचे वर्गीकरण (६), परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाह (७), उपयुक्त व उपद्रवी सूक्ष्मजीव (८), सजीवांमधील जीवनप्रक्रिया (१५), आनुवंशिकता व परिवर्तन (१६) आणि जैवतंत्रज्ञानाची ओळख (१७). पर्यावरणीय व्यवस्थापनाचे नववे प्रकरण त्यांच्या सीमेवर आहे.

पुस्तकाच्या जमेच्या बाजू प्रथम नोंदवल्या पाहिजेत. भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र यांना एकाच पुस्तकात स्थान दिल्याने विज्ञानाची एकात्मता सूचित होते. कृती, निरीक्षणे व प्रश्न यांची पेरणी प्रकरणाच्या ओघात केली आहे. आनुवंशिकतेच्या प्रकरणात मेंडेलच्या वाटाण्यावरील प्रयोगांपाशी न थांबता मानवी आनुवंशिक विकृतींचा परिचय करून दिला आहे आणि त्यात सिकलसेल ॲनिमियासारख्या, महाराष्ट्राच्या आरोग्याशी थेट संबंध असलेल्या आजाराचा समावेश केला आहे. वनस्पतींच्या उत्सर्जनाचा विचार करताना पानगळ, चीक, डिंक, कॅल्शिअम ऑक्झलेटचे स्फटिक यांसारखी घरगुती अनुभवाशी जुळणारी उदाहरणे आली आहेत. अळूने घसा का खवखवतो, याचे उत्तर पाठ्यपुस्तकात सापडणे ही लहान गोष्ट नव्हे.

अडचण सुरू होते ती या प्रकरणांना एकत्र ठेवून पाहिल्यावर.

३. क्रमाचा प्रश्न

जीवशास्त्राची प्रकरणे पुस्तकात दोन गटांत विभागली गेली आहेत. पहिला गट सहाव्या ते आठव्या प्रकरणांचा, तर दुसरा पंधराव्या ते सतराव्या प्रकरणांचा. मध्ये संप्रेषण तंत्रज्ञान, प्रकाश, ध्वनी, कार्बन इत्यादी विषय येतात. या विभागणीमुळे एक तार्किक विसंगती निर्माण झाली आहे. सहाव्या प्रकरणात थॅलोफायटा, ब्रायोफायटा व टेरिडोफायटा हे गट विद्यार्थ्यासमोर येतात. ब्रायोफायटात पाणी वाहून नेणाऱ्या खऱ्या ऊती नसतात आणि टेरिडोफायटात त्या असतात, हा या दोन गटांतील कळीचा भेद होय. परंतु ऊती म्हणजे काय, विभाजी व स्थायी ऊती कोणत्या, जलवाहिनी व रसवाहिनी यांची घडण कशी असते, याचे सविस्तर विवेचन सतराव्या प्रकरणात येते. त्याआधी पंधराव्या प्रकरणात मूलीय दाब व बाष्पोच्छ्वास यांद्वारे होणारे वहनही शिकवून झालेले असते. म्हणजे ज्या संकल्पनेवर वर्गीकरण आणि वहन हे दोन्ही विषय आधारलेले आहेत, ती त्यांच्यानंतर येते.

ऊतींचे हे विवेचन 'जैवतंत्रज्ञानाची ओळख' या शीर्षकाखाली आले आहे, हेही लक्षणीय होय. ऊतीसंवर्धन समजण्यासाठी ऊती समजल्या पाहिजेत, हा त्यामागील विचार दिसतो आणि तो चुकीचा नाही. मात्र त्यामुळे वनस्पती व प्राणी यांच्या शरीररचनेचा पाया हा एका तंत्रज्ञानाची पूर्वतयारी म्हणून सादर होतो. अभिस्तर ऊती, संयोजी ऊती, स्नायू ऊती व चेता ऊती यांचे ज्ञान विद्यार्थ्याला स्वतःचे शरीर समजण्यासाठी हवे असते. शीर्षकाने त्यांचे प्रयोजन संकुचित केले आहे.

अनुभवी शिक्षक ऊतींचा भाग आधी घेऊन ही विसंगती दूर करू शकतो. परंतु घटकनियोजन व चाचण्या पुस्तकाच्या क्रमाने आखल्या जातात, तेव्हा हे स्वातंत्र्य कागदावरच राहते. शिवाय विज्ञानाचा शिक्षक हा मूळचा रसायनशास्त्राचा वा भौतिकशास्त्राचा पदवीधर असेल, तर पुस्तकाचा क्रम हाच विषयाचा क्रम असे तो गृहीत धरण्याची शक्यता अधिक असते.

४. आनुवंशिकता आणि उत्क्रांती यांची फारकत

याहून गंभीर प्रश्न उत्क्रांतीचा आहे. उत्क्रांतीचे स्वतंत्र विवेचन राज्याच्या अभ्यासक्रमात दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान, भाग २' या २०१८ च्या पुस्तकात पहिल्याच प्रकरणात येते. येथे राज्य मंडळाचे श्रेय मान्य केले पाहिजे. २०२३ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या दहावीच्या पुस्तकातील 'आनुवंशिकता आणि उत्क्रांती' हे प्रकरण केवळ 'आनुवंशिकता' एवढेच उरले. त्याविरुद्ध १,८०० हून अधिक वैज्ञानिक, शिक्षक व विज्ञानप्रेमींनी जाहीर पत्रावर स्वाक्षऱ्या केल्या. महाराष्ट्राच्या २०१८ च्या पुस्तकाने मात्र या विषयाला अग्रस्थान दिलेले होते.

तथापि वर्गीकरण आठवी-नववीत आणि उत्क्रांती दहावीत, या विभागणीचा परिणाम असा होतो की, वर्गीकरण ही नावांची यादी बनते. थॅलोफायटापासून आवृतबीजींपर्यंतचा क्रम हा मुळात सजीवांनी पाण्यातून जमिनीवर केलेल्या वाटचालीचा आलेख आहे. मॉसला प्रजननासाठी पाण्याचा पातळ थर लागतो. नेच्याने वहनसंस्था मिळवली, पण फलनासाठी पाण्याची गरज सुटली नाही. बीज निर्माण झाल्यावर ही गरजही उरली नाही. हे सूत्र नववीतील विद्यार्थ्यास दहा मिनिटांत सांगता येते. ते सांगितले, तर गटांची लक्षणे एकमेकांतून उलगडत जातात. ते न सांगितल्यास पाच गट, त्यांची लक्षणे आणि प्रत्येकाची तीन उदाहरणे एवढेच हाती उरते. उत्क्रांतीच्या प्रकाशाशिवाय जीवशास्त्रात कशाचाच अर्थ लागत नाही, असे थिओडोसियस डोब्झान्स्की यांनी १९७३ मध्ये प्रतिपादन केले होते. नववीच्या विद्यार्थ्याला नेमका हा प्रकाश वर्षभर उशिरा मिळतो.

सिकलसेल ॲनिमियाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. हा आजार नववीत 'विकृती' म्हणून शिकवला जातो. माता व पिता दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गर्भधारणेत अपत्यास आजार होण्याची शक्यता एक-चतुर्थांश असते, हे मेंडेलच्या गुणोत्तरावरून सिद्ध करता येते. 'चार मुलांपैकी एकाला होणारच' असा या विधानाचा चुकीचा अर्थ अनेकदा घेतला जातो. प्रत्येक अपत्यागणिक संभाव्यता नव्याने मोजावी लागते, हा मुद्दा वर्गात स्पष्ट झाला नाही, तर 'पहिल्याला झाला, आता पुढच्यांना धोका नाही' अशी घातक समजूत घरात शिरते.

परंतु त्यापुढचा स्वाभाविक प्रश्न असा की, इतका घातक जनुक लोकसंख्येत टिकून कसा राहिला? वाहक व्यक्तींना गंभीर हिवतापापासून काही प्रमाणात संरक्षण मिळते, हे अँथनी ॲलिसन यांनी १९५४ मध्ये दाखवून दिले. ज्या प्रदेशांत हिवतापाचा प्रादुर्भाव मोठा होता, तेथे हा जनुक टिकला. आनुवंशिकता आणि नैसर्गिक निवड या दोन संकल्पना येथे एकमेकींना भेटतात. नववीच्या पुस्तकात पहिली आहे, दुसरी नाही. त्यामुळे आजार हा केवळ 'दोष' म्हणून मनात ठसतो आणि तो ज्या समाजांत आढळतो, त्यांच्याविषयी चुकीची धारणा निर्माण होण्याचा धोका संभवतो. ठाणे जिल्ह्याच्या शहापूर व मुरबाड तालुक्यांत आणि २०१४ मध्ये स्वतंत्र झालेल्या पालघर जिल्ह्यात आदिवासी वस्ती मोठी आहे. टेंभी नाक्याजवळच्या आवारात जिल्हा शासकीय रुग्णालय दीर्घकाळ होते आणि जिल्ह्याच्या ग्रामीण भागातील रुग्ण तेथे येत असत. १ जुलै २०२३ रोजी केंद्र शासनाने २०४७ पर्यंत सिकलसेलचे उच्चाटन करण्याचे उद्दिष्ट ठेवून राष्ट्रीय अभियान सुरू केले. तपासणी, समुपदेशन आणि कलंकमुक्ती यांवर अशा अभियानाचे यश अवलंबून असते. त्याची पहिली तयारी नववीच्या वर्गात होऊ शकते.

५. परिभाषेचा प्रश्न

मराठी वैज्ञानिक परिभाषेविषयी दोन टोकाची मते आढळतात. एक मत तिला सरसकट बोजड ठरवते. दुसरे तिच्यावरील कोणतीही टीका भाषाद्रोह मानते. दोन्ही मते शब्दनिहाय तपासणी टाळतात. 'हरितलवक', 'बाष्पोच्छ्वास', 'पेशीभित्तिका' हे शब्द स्वतःच अर्थ सांगतात. या बाबतीत मराठी माध्यमाचा विद्यार्थी इंग्रजी माध्यमाच्या विद्यार्थ्यापेक्षा सुदैवी म्हटला पाहिजे. 'बाष्प' आणि 'उच्छ्वास' जाणणाऱ्या मुलाला या प्रक्रियेची निम्मी व्याख्या शब्दातच मिळते.

याउलट काही संज्ञा संभ्रम वाढवतात. वनस्पतिसृष्टीच्या दोन उपसृष्टींसाठी 'अबीजपत्री' व 'बीजपत्री' या संज्ञा पुस्तकात योजल्या आहेत. मूळ पाश्चात्त्य संज्ञांचा रोख प्रजननाची अंगे अप्रकट आहेत की प्रकट, यावर आहे. मराठी संज्ञेत मात्र 'बीजपत्र' हा शब्द आला आणि त्याच प्रकरणात पुढे आवृतबीजींचे 'एकबीजपत्री' व 'द्विबीजपत्री' असे भेद येतात. तेथे बीजपत्र म्हणजे अंकुराचे पहिले पान. एकच शब्द दोन पातळ्यांवर दोन कामे करतो आणि विद्यार्थी 'अबीजपत्री' म्हणजे 'शून्य बीजपत्रे असलेली' अशी गणती करू लागतो. 'अप्रकटप्रजननी' व 'प्रकटप्रजननी' अशी किंवा सरळ 'बीजरहित' व 'बीजधारी' अशी संज्ञा अधिक पारदर्शक ठरली असती.

बोलीतील शब्दांचीही दखल घ्यावी लागते. लोकव्यवहारात 'शेवाळ' या एकाच शब्दात तलावातील शैवाल आणि भिंतीवरील मॉस या दोहोंचा समावेश होतो. शास्त्राच्या दृष्टीने ते दोन वेगळे गट आहेत. मुलाचा शब्द चुकीचा ठरवून पुढे जाण्याऐवजी त्या एका शब्दाखाली दडलेले दोन सजीव त्याच्यासमोर ठेवले, तर वर्गीकरणाची गरज त्यालाच जाणवेल. सेमी-इंग्रजी पद्धतीत तर विद्यार्थी विज्ञान इंग्रजीतून शिकतो आणि घरी मराठी बोलतो. 'ऊती' हा शब्द त्याच्या कानावर कधीच पडत नाही, तर इंग्रजी शब्द हातरुमालाच्या कागदाशी जोडला जातो. दोन्ही भाषांतील संज्ञा शेजारी ठेवून त्यांचा अर्थ उलगडणे, हे अशा वर्गात अध्यापनाचे अविभाज्य अंग ठरते.

६. परिसर : टेंभी नाक्यापासून खाडीपर्यंत

राज्यभरासाठी एकच पुस्तक असल्याने त्यात प्रत्येक गावाचा निसर्ग येणे अशक्य आहे. परिसर शोधणे हे शाळेचे काम होय. येथे टेंभी नाक्याविषयीचा पूर्वग्रह तपासता येतो.

शालेय वर्ष जूनच्या मध्यास सुरू होते. जुलै-ऑगस्टमध्ये जुन्या ठाण्यातील कुंपणभिंतींवर मॉसचा हिरवा थर चढतो आणि इमारतींच्या भेगांतून नेचे डोकावतात. वर्गीकरणाचे प्रकरण याच काळाच्या आसपास घेतले, तर ब्रायोफायटा व टेरिडोफायटा शाळेच्या भिंतीवरच उपलब्ध असतात. दिवाळीनंतर तीच भिंत कोरडी पडते. 'मॉस कोठे गेले?' या प्रश्नातून पाण्यावरील त्याचे अवलंबित्व कळते. जवळच्या जांभळी नाक्याच्या बाजारात बटाटा, आले, रताळे व कांदा एकत्र मिळतात. यांपैकी मूळ कोणते, खोड कोणते आणि कशावरून, हा एका तासिकेचा परिपूर्ण पाठ होय. बटाट्याचे 'डोळे' म्हणजे खोडावरील कळ्या, हे पाहिल्यावर विभाजी ऊतींची कल्पना करणे सोपे जाते. त्याच बाजारातील केळ्यात रुजणारे बी नसते. मग केळीची बाग लावतात कशी, या प्रश्नातून जळगावच्या केळीबागांतील ऊतीसंवर्धित रोपांपर्यंत पोहोचता येते.

मासुंदा तलाव येथून पायी अंतरावर आहे. परिसंस्थेतील ऊर्जाप्रवाहाचे प्रकरण त्याच्या काठावर शिकवता येते. तलावात कारंजे का लावतात, याचे उत्तर सौंदर्याबरोबरच पाण्यात विरघळणाऱ्या ऑक्सिजनमध्येही शोधावे लागते. विसर्जनासाठी कृत्रिम तलाव का करावे लागले, हा प्रश्न तर प्रत्येक घराच्या अनुभवातील आहे.

सर्वांत समृद्ध प्रयोगशाळा म्हणजे ठाण्याची खाडी. चेंदणीच्या बाजूस, जेथे विद्या प्रसारक मंडळाच्या महाविद्यालयांचा परिसर आहे, तेथे खाडीकाठची तिवरे सहज दिसतात. पंधराव्या प्रकरणात परासरण व मुळांद्वारे होणारे पाण्याचे शोषण शिकवले जाते. त्यानंतर विद्यार्थ्यास विचारावे : बाहेरचे पाणी खारे असताना तिवराच्या मुळात पाणी शिरते कसे? नेहमीच्या रोपास मिठाचे पाणी घातले, तर ते कोमेजते. तिवराच्या पेशींत विद्राव्य पदार्थांचे प्रमाण अधिक असते, मुळे बरेचसे क्षार बाहेरच अडवतात आणि आत आलेले क्षार पानांवरील ग्रंथींमधून उत्सर्जित होतात. तिवराचे पान हाताने पुसून पाहिल्यास क्षारांचे कण जाणवतात. परासरण, वहन आणि उत्सर्जन हे पुस्तकातील तीन वेगवेगळे मुद्दे एका पानावर एकत्र येतात. चिखलातून वर आलेली श्वसनमुळे चौथा मुद्दा पुरवतात. चेंदणी कोळीवाड्यातील मुलास निवटी ठाऊक असते. चिखलावर सरपटणारा हा मासा शास्त्रात काय शिकवतो, हे त्याला शाळेने सांगितले, तर घरातील ज्ञान आणि पुस्तकातील ज्ञान यांच्यातील भिंत खाली येते.

याच खाडीच्या काही भागास २०१५ मध्ये रोहित पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला आणि २०२२ मध्ये त्याचा रामसर स्थळांच्या यादीत समावेश झाला. जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा शहराच्या वेशीवर असताना परिसंस्थेची उदाहरणे दूरच्या गवताळ प्रदेशातून घेणे, हे अध्यापनाचे दारिद्र्य होय.

७. संभाव्य आक्षेप

या विवेचनावर काही रास्त आक्षेप घेतले जातील. वर्गातील विद्यार्थिसंख्या, अपुऱ्या तासिका, मुलांना रस्त्यावरून नेण्याची जोखीम, पालकांची संमती या अडचणी खऱ्या आहेत. भरती-ओहोटीच्या वेळा न पाहता साठ मुलांना खाडीकाठी नेणे धोक्याचेही आहे. मात्र मॉस, बाजारातील बटाटा आणि तिवराची एक फांदी वर्गात आणता येते. सर्व परिसर-अध्यापन म्हणजे सहल नव्हे.

दुसरा आक्षेप परीक्षेचा. दहावीत विज्ञानाच्या ४० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका आणि २० गुणांचे प्रात्यक्षिक अशी योजना राहिली असून नववीचे अध्यापन तिच्या सावलीत चालते. व्याख्या, फरक, आकृती यांना गुण मिळतात. येथे मध्य प्रदेशातील होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रमाचे स्मरण होते. १९७२ ते २००२ या काळात शासकीय माध्यमिक शाळांमधून सहावी ते आठवीच्या मुलांनी तेथे प्रयोग व परिसर यांच्या आधारे विज्ञान शिकले आणि परीक्षाही त्याच पद्धतीला अनुरूप करण्यात आली. हा कार्यक्रम शासनाने बंद केला. परंतु तीस वर्षे तो सामान्य शाळांत चालला, ही वस्तुस्थिती 'हे आपल्याकडे शक्य नाही' या विधानास पुरेसे उत्तर देते. परीक्षेत बदल न करता केवळ अध्यापन बदलण्याची अपेक्षा शिक्षकाकडून करणे मात्र अन्यायाचे ठरेल.

८. निष्कर्ष

१. नववीच्या जीवशास्त्रात ऊतींचे विवेचन वर्गीकरण व वहन यांच्या आधी येणे आवश्यक आहे आणि त्यास स्वतंत्र शीर्षक हवे.

२. उत्क्रांतीचे सविस्तर विवेचन दहावीत राहिले, तरी तिचे मूलसूत्र नववीच्या वर्गीकरणात व आनुवंशिकतेत अंतर्भूत व्हावे.

३. परिभाषेची शब्दनिहाय तपासणी व्हावी. पारदर्शक संज्ञा जपाव्यात आणि संभ्रम निर्माण करणाऱ्या संज्ञा बदलाव्यात.

४. प्रत्येक शाळेने आपल्या परिसरातील सजीवांची ऋतुवार नोंद ठेवावी आणि घटकनियोजन त्या नोंदीशी जोडावे.

राज्य अभ्यासक्रम आराखडा (शालेय शिक्षण) २०२४ नंतर पाठ्यपुस्तकांची पुनर्रचना टप्प्याटप्प्याने हाती घेण्यात आली आहे. प्रकरणे कमी करावीत की वाढवावीत, या चर्चेत हा विषय अडकून राहू नये. टेंभी नाक्यावरील शाळेत नववीत बसलेला आणि उद्या वाणिज्य शाखेकडे जाणारा विद्यार्थी तिवराच्या पानावरील मिठाचा अर्थ सांगू शकला, तर त्याला ब्रायोफायटाची तिन्ही उदाहरणे आठवली नाहीत तरी चालण्यासारखे आहे. उलट उदाहरणे पाठ झाली आणि खाडी म्हणजे दुर्गंधीची जागा एवढेच मनात राहिले, तर त्या वर्षीचे जीवशास्त्र शिकवून झाले असले तरी शिकून झाले असे म्हणता येणार नाही.